शेतीसाठी सांडपाण्याचा पुनर्वापर: प्रक्रियेनंतर उरलेले औषधांचे अंश कसे काढावेत

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी दिसायला नितळ असते, त्याला वास नसतो आणि जैविक ऑक्सिजन मागणी (सेंद्रिय मळ कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन), तरंगते घन पदार्थ ही नेहमीची मोजमापे मर्यादेत आलेली असतात. तरीही त्याच पाण्यात अपस्मारावरचे कार्बामाझेपिन, वेदनाशामक डायक्लोफिनॅक, प्रतिजैविक सल्फामेथोक्साझोल, रक्तदाबावरचे मेटोप्रोलॉल अशी अनेक औषधे प्रति लिटर काही नॅनोग्रॅमपासून काही मायक्रोग्रॅमपर्यंत शिल्लक राहतात, कारण ती केंद्रे सेंद्रिय मळ आणि रोगजंतू कमी करण्यासाठी बांधलेली असतात, औषधे काढण्यासाठी नव्हेत. असे पाणी शेताला दिले, की दर पाळीबरोबर तेच रेणू त्याच मातीत पुन्हा पडतात. कार्बामाझेपिन तर मातीत महिनोन्‌महिने टिकते आणि मुळांवाटे वर चढून पानांत साठते. इस्राएलमध्ये निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुनर्वापराच्या पाण्यावर पिकवलेला भाजीपाला खाल्ल्यानंतर त्यांच्या लघवीतील कार्बामाझेपिनचे प्रमाण वाढलेले आढळले. उपचारासाठी हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत ते प्रमाण फारच थोडे होते, पण पाण्यापासून ताटापर्यंतची वाट खुली आहे हे त्यातून स्पष्ट झाले.

ही वाट बंद करण्याची तंत्रे उपलब्ध आहेत आणि मोठ्या केंद्रांवर ती वर्षानुवर्षे चालू आहेत. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना सूचक सूक्ष्म प्रदूषके (औषधांसारख्या अत्यल्प प्रमाणातील पदार्थांपैकी नमुना म्हणून मोजायला निवडलेले काही) ८० टक्के काढण्याचे बंधन घातले, आणि युरोपीय संघाने २०२४ साली सुधारलेल्या नागरी सांडपाणी निर्देशातही ८० टक्क्यांचीच अट ठेवली. पुढील मार्गदर्शन प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्यांसाठी आणि त्या केंद्राचे पाणी शेतीला घेऊ पाहणाऱ्या पाणीवापर संस्थांसाठी आहे. त्यात एकच आग्रह आहे: यंत्र निवडण्याआधी पाणी ओळखावे आणि पायऱ्यांचा क्रम मोडू नये. या कामात पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा चुकीच्या यंत्रामुळे नव्हे, तर योग्य यंत्र चुकीच्या पाण्यावर बसवल्यामुळे.

आधी पाण्याची ओळख

प्रथम सांडपाण्याचा उगम तपासावा. त्यात औषधनिर्मिती कारखान्याचे पाणी मिसळत असेल तर इथेच थांबावे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील सामायिक प्रक्रिया केंद्राच्या, औषध कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या, निर्गम पाण्यात सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक प्रति लिटर ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले होते; रोग्याच्या रक्तात उपचारादरम्यान असणाऱ्या पातळीपेक्षाही हे प्रमाण जास्त आहे. घरगुती सांडपाण्यात ही पातळी त्याच्या हजारो पटींनी खाली असते. इथे सांगितलेल्या पद्धती घरगुती पातळीसाठी आहेत. कारखान्याचे पाणी कारखान्याच्या आवारातच वेगळे करून शुद्ध करणे हाच त्यावरचा इलाज आहे. मोठ्या रुग्णालयांच्या बाबतीत क्ष-किरण तपासणीत वापरल्या जाणाऱ्या आयोडीनयुक्त द्रव्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ती ओझोनलाही फारशी दाद देत नाहीत आणि कार्बनलाही नीट चिकटत नाहीत.

यानंतर नमुने घ्यावेत. सकाळी दहा वाजता भरलेली एक बाटली या कामात काहीच सांगत नाही, कारण औषधांचे प्रमाण तासागणिक बदलते. २४ तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात गोळा केलेला मिश्र नमुना घ्यावा आणि आवक व जावक या दोन्ही ठिकाणी घ्यावा. जावकीचा नमुना पाणी केंद्रात जेवढा काळ राहते तेवढ्या तासांनी उशिरा सुरू करावा, म्हणजे दोन्हीकडे तेच पाणी मोजले जाईल. बाटल्या गडद रंगाच्या काचेच्या असाव्यात. पाण्यात क्लोरीन किंवा ओझोन शिल्लक असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घालावे, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत औषध बाटलीतच नष्ट होते आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुने ४ अंश सेल्सिअसला ठेवून लवकरात लवकर द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावेत.

अहवाल हाती आल्यावर एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते. कार्बामाझेपिन किंवा सल्फामेथोक्साझोल आवकीपेक्षा जावकीत जास्त दिसू शकते. यात मोजमापाची चूक असेलच असे नाही. शरीरातून बाहेर पडताना या औषधांचा काही भाग दुसऱ्या रेणूशी बांधलेला असतो आणि तो आवकीच्या तपासणीत पकडला जात नाही. वायुवीजन टाकीतील, म्हणजे हवा सोडून जीवाणूंकडून मळ कुजवणाऱ्या टाकीतील, जीवाणू तो बंध तोडतात आणि मूळ औषध पुन्हा मोकळे होते. म्हणून एका औषधाच्या आकड्यावरून निर्णय न घेता सहा ते बारा सूचक औषधांची यादी धरून त्यांची सरासरी पाहावी. कार्बामाझेपिन, डायक्लोफिनॅक, मेटोप्रोलॉल, व्हेन्लाफॅक्सिन, क्लॅरिथ्रोमायसिन, हायड्रोक्लोरोथायाझाइड, कँडेसार्टन आणि सल्फामेथोक्साझोल एवढी यादी सुरुवातीला पुरेशी आहे. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन या यादीत घेऊ नयेत. ती साध्या जैविक प्रक्रियेतच ९० टक्क्यांहून अधिक नाहीशी होतात आणि त्यांच्यामुळे सरासरी उगाचच उजळ दिसते.

औषधांसोबत चार साध्या गोष्टी मोजाव्यात: विरघळलेला सेंद्रिय कार्बन, नायट्राइट, ब्रोमाइड आणि २५४ नॅनोमीटर तरंगलांबीवरील अतिनील शोषण (यावरून पाण्यातील सेंद्रिय पदार्थांचा अंदाज येतो). पुढची निवड प्रत्यक्षात याच चार आकड्यांवर ठरते.

जैविक टप्पा पूर्ण करणे

वायुवीजन टाकीत गाळाचे वय, म्हणजे जीवाणूंचा गाळ टाकीत सरासरी जितके दिवस राहतो तो काळ, दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवावे आणि नायट्रीकरण (जीवाणूंकडून अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट होणे) पूर्ण होऊ द्यावे. याचे दोन फायदे होतात. सावकाश वाढणाऱ्या जीवाणूंमुळे मध्यम विघटनशील औषधे अधिक प्रमाणात तुटतात, आणि अर्धवट नायट्रीकरणातून उरणारे नायट्राइट नाहीसे होते. दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे, कारण नायट्राइटच्या रूपातील दर १ मिलिग्रॅम नायट्रोजन सुमारे ३.४ मिलिग्रॅम ओझोन गिळतो. शेतीसाठी पाणी द्यायचे असल्यास त्यातील नायट्रेट संपूर्ण काढण्याची गरज नाही; पिकाला ते खत म्हणून उपयोगी पडते, मात्र खतांच्या मात्रेतून तेवढे वजा करावे.

दुय्यम निवळण टाकीनंतर वाळूचा किंवा कापडी गाळक हवाच. पुढच्या टप्प्यात जाणारे पाणी जितके स्वच्छ, तितका ओझोनचा आणि कार्बनचा खर्च कमी.

क्लोरीनबद्दल इथेच सांगितलेले बरे. क्लोरीन जंतू मारतो. औषधे काढण्यासाठी त्यावर विसंबू नये. काही औषधांशी त्याची क्रिया होते, पण त्यातून नवे क्लोरीनयुक्त पदार्थ तयार होतात, आणि पॅरासिटामॉलपासून तर बेंझोक्विनोनसारखे मूळ औषधापेक्षा विषारी पदार्थ निर्माण होऊ शकतात. निर्जंतुकीकरणाच्या अतिनील दिव्यांचेही तसेच आहे: जंतूंसाठी दिली जाणारी मात्रा औषधांना फारसा धक्का लावत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून कितीतरी पटींनी जास्त अतिनील मात्रा दिली तर औषधे तुटतात, परंतु विजेचा खर्च इतका वाढतो की सिंचनाच्या पाण्यासाठी मी तो मार्ग सुचवणार नाही.

ओझोन की कार्बन

खरी निवड या दोहोंत आहे. ओझोन रेणूंतील दुहेरी बंध, अमाइन गट आणि क्रियाशील वलये तोडतो. त्यामुळे कार्बामाझेपिन, डायक्लोफिनॅक, सल्फामेथोक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम काही क्षणांत नाहीसे होतात. सक्रिय कार्बन रेणूंना तोडत नाही, आपल्या सूक्ष्म रंध्रांत धरून ठेवतो. कार्बामाझेपिन, मेटोप्रोलॉल, ट्रायमेथोप्रिम त्याला चांगले चिकटतात, तर सल्फामेथोक्साझोल आणि गाबापेंटिन लवकर निसटतात.

ओझोनची मात्रा पाण्याच्या आकारमानावर न ठरवता विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनच्या प्रमाणात ठरवावी: दर ग्रॅम सेंद्रिय कार्बनला ०.५ ते ०.७ ग्रॅम ओझोन, आणि त्यावर नायट्राइटची भर. उदाहरणार्थ, सेंद्रिय कार्बन ८ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि नायट्राइट नायट्रोजन ०.३ मिलिग्रॅम असेल, तर ०.६ या गुणोत्तराने ४.८ मिलिग्रॅम, अधिक नायट्राइटसाठी सुमारे १ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ५.८ मिलिग्रॅम प्रति लिटर ओझोन लागेल. दिवसाला १,००० घनमीटर पाण्यासाठी हे ५.८ किलो होते. पाण्यात न विरघळता निसटणारा भाग धरून साडेसहा किलोंची व्यवस्था ठेवावी. आता याच पाण्यातील नायट्राइट नायट्रोजन १.५ मिलिग्रॅमवर गेले अशी कल्पना करा. नुसत्या नायट्राइटसाठीच ५.१ मिलिग्रॅम ओझोन खर्ची पडेल, आणि मात्रा जुनीच राहिली तर औषधांसाठी जवळजवळ काहीच उरणार नाही, आणि हे घडत असताना यंत्राच्या पडद्यावर सारे सुरळीत दिसत राहील. म्हणून ओझोनच्या आधी नायट्राइटचा सततचा मापक बसवणे ही चैन समजू नये.

ब्रोमाइड तपासण्याचे कारण वेगळे आहे. ओझोन ब्रोमाइडपासून ब्रोमेट बनवतो. ते कर्करोगकारक असण्याचा संभव मानला जातो आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा प्रति लिटर १० मायक्रोग्रॅम आहे. पुनर्वापराचे पाणी जमिनीत जिरून विहिरीला मिळत असेल तर ही मर्यादा सिंचनालाही लागू धरावी. ब्रोमाइड प्रति लिटर १०० ते १५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असेल, जे किनाऱ्याजवळ खारे भूजल गटारात झिरपते तिथे किंवा काही औद्योगिक पाण्यामुळे सहज घडते, तर आधी प्रयोगशाळेत चाचणी करावी. ब्रोमेट मर्यादेत राहत नसेल तर ओझोनचा विचार सोडून कार्बनकडे वळावे.

ओझोननंतर जैविक वाळू गाळक किंवा कार्बन गाळक असल्याशिवाय पाणी शेताकडे सोडू नये. ओझोनने औषधाचे रेणू तुटतात, पण त्यांचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये पूर्ण रूपांतर होत नाही, तुकडे उरतात. त्यांतील बरेचसे जीवाणूंना पचतात आणि गाळकाच्या थरात संपतात, काही मात्र तिथेही टिकतात. वाळू गाळक खर्च वाचवण्यासाठी वगळण्याचा मोह होतो, आणि तो टाळावा असे मी ठामपणे सांगेन.

दाणेदार कार्बनची रचना समजायला सोपी आहे. पाणी थरात राहण्याचा काळ, रिकाम्या थराच्या आकारमानावरून मोजलेला, १५ ते ३० मिनिटांचा ठेवावा. दिवसाला १,००० घनमीटर पाण्यासाठी २० मिनिटांच्या हिशेबाने साधारण १४ घनमीटर कार्बन लागतो. थराच्या आकारमानाच्या २०,००० ते ३०,००० पट पाणी गेल्यावर बहुतेक औषधांची गळती सुरू होते. २५,००० पट धरल्यास हा कार्बन सुमारे ३५० दिवस पुरेल. दोन टाक्या एकापाठोपाठ जोडाव्यात. पहिल्या टाकीतून गळती दिसू लागली की तिचा कार्बन बदलावा, दुसरी टाकी पुढे आणावी आणि नव्या कार्बनची टाकी मागे ठेवावी. पाण्यातील सेंद्रिय कार्बन जास्त असेल तर हेच आयुष्य निम्म्यावर येऊ शकते, कारण सेंद्रिय मळ औषधांच्या आधी रंध्रे व्यापतो.

कार्बनची भुकटी वापरायची असल्यास प्रति लिटर १० ते २० मिलिग्रॅम मात्रा आणि निदान अर्ध्या तासाचा संपर्क लागतो. मात्रा ठरवण्यासाठी सहा चंचुपात्रांची साधी चाचणी पुरते: प्रत्येकात एक लिटर पाणी घेऊन ०, ५, १०, १५, २० आणि ३० मिलिग्रॅम भुकटी घालावी, अर्धा तास ढवळावे, गाळून घ्यावे आणि २५४ नॅनोमीटरवरचे शोषण मोजावे. त्यांतील दोन-तीन नमुने औषधांच्या सविस्तर तपासणीला पाठवले, की शोषणातील घट आणि औषधांतील घट यांचा आपल्या पाण्यापुरता संबंध हाती येतो. शेतीच्या दृष्टीने भुकटीला दोन अडचणी आहेत. गाळकातून निसटलेले बारीक काळे कण ठिबकच्या तोट्यांत साचतात, म्हणून शेवटचा गाळक निर्दोष हवा. शिवाय वापरलेली भुकटी गाळात मिसळते आणि त्या गाळात औषधे एकवटलेली असतात. असा गाळ खत म्हणून शेतात टाकला तर पाण्यातून काढलेले सारे पुन्हा मातीत जाते. तो जाळण्याची सोय नसेल तर भुकटीचा मार्ग घेऊ नये.

सुरक्षेबाबत एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. ओला सक्रिय कार्बन बंद टाकीतील हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो आणि आत उतरणाऱ्या माणसाला कसलाही वास किंवा इशारा न मिळता शुद्ध हरपते. टाकीत उतरण्यापूर्वी हवा खेळती करणे, ऑक्सिजन मोजणे आणि बाहेर दुसरा माणूस उभा ठेवणे यांत कधीही सूट देऊ नये. ओझोनच्या खोलीत गळतीचा मापक असावा आणि हवेतील प्रमाण ०.१ पीपीएमवर (दहा लाख भागांत ०.१ भाग) जाताच यंत्र आपोआप बंद व्हावे.

आरओ, पाणथळी आणि जमिनीतून झिरपण

रिव्हर्स ऑस्मोसिस (आरओ), म्हणजे दाबाने पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलण्याची पद्धत, बहुतेक सर्व औषधे ९५ टक्क्यांहून अधिक अडवते, पण सिंचनासाठी ते क्वचितच योग्य ठरते. पाण्याचा १५ ते २५ टक्के भाग संहत होऊन बाजूला पडतो आणि औषधे त्यातच एकवटतात. त्याची विल्हेवाट हा वेगळा प्रश्न होतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि नत्र निघून जातात, तर बोरॉन बऱ्याच प्रमाणात आरपार जातो. पाणी मुळातच खारट असून क्षार काढणे भाग असेल तेव्हाच हा मार्ग धरावा, आणि मग कॅल्शियम परत मिसळावे.

बांधीव पाणथळी, म्हणजे पाणवनस्पती लावलेले कृत्रिम उथळ तळे, लहान वस्तीसाठी चांगली असते. त्यात आयब्युप्रोफेनसारखी औषधे जीवाणूंमुळे आणि उघड्या पाण्यात डायक्लोफिनॅक सूर्यप्रकाशामुळे कमी होते. कार्बामाझेपिन मात्र जवळजवळ तसेच राहते. वाळूच्या जमिनीत पाणी जिरवून पुन्हा उपसण्याच्या पद्धतीचेही असेच आहे. तेल अवीव परिसराचे सांडपाणी शाफदान येथे वाळूतून जिरवून दक्षिण इस्राएलमधील नेगेव या वाळवंटी भागातील शेतांना दिले जाते. त्या उत्कृष्ट पाण्यातही कार्बामाझेपिन सापडते. म्हणून या पद्धतींचा उपयोग कार्बनचा भार हलका करणारा टप्पा म्हणून करावा.

माझ्या मते लहान आणि मध्यम सिंचन योजनेसाठी पूर्ण नायट्रीकरण, वाळू गाळक, दाणेदार कार्बनच्या दोन टाक्या आणि शेवटी अतिनील निर्जंतुकीकरण हा क्रम सर्वांत भरवशाचा आहे. रोजचे नियंत्रण कमी लागते, ब्रोमेटची भीती नाही आणि चूक झाली तर ती हळूहळू दिसते. मोठे केंद्र आणि प्रशिक्षित कर्मचारी असतील तर कमी मात्रेचा ओझोन आणि त्यामागे दाणेदार कार्बन ही जोडी श्रेष्ठ. ज्या औषधांना एक सोडतो त्यांतील अनेक दुसरा पकडतो आणि कार्बन अधिक काळ टिकतो.

हंगाम, साठवण आणि शेत

सांडपाणी बारमाही येते, पिकाला पाणी मात्र हंगामात लागते. औषधे काढण्याची प्रक्रिया साठवणीच्या आधी करावी, कारण उघड्या तळ्यात शेवाळ वाढून सेंद्रिय कार्बन वाढतो आणि तळ्यानंतर ठेवलेला कार्बन गाळक त्याच मळाने भरून जातो. तळ्यानंतर फक्त गाळणे आणि निर्जंतुकीकरण ठेवावे. कार्बनच्या टाक्या हंगामाबाहेर पाणी भरून बंद ठेवू नयेत. आतील जीवाणूंचा ऑक्सिजन संपतो, पाणी सडते, आणि पुन्हा सुरू करताना पहिले पाणी घाण येते. थोडा प्रवाह चालू ठेवावा किंवा टाकी पूर्ण रिकामी करून ठेवावी.

कितीही चांगली प्रक्रिया केली तरी थोडे अंश उरतात, म्हणून पिकाची निवड हाही प्रक्रियेचा भाग समजावा. कार्बामाझेपिनसारखे विद्युतभार नसलेले रेणू बाष्पोच्छ्वासाच्या प्रवाहाबरोबर वर जातात आणि पानांतून पाणी उडून गेल्यावर तिथेच राहतात. त्यामुळे पालेभाज्यांत त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त, कंदमुळांत त्याखालोखाल आणि फळे व धान्यात तुलनेने कमी असते. नव्या योजनेच्या पहिल्या हंगामात हे पाणी तंतूपिके, तेलबिया, फळझाडे किंवा धान्य यांनाच द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांना ते द्यायचे की नाही, हे वर्षभराचे अहवाल पाहून ठरवावे. जनावरांच्या हिरव्या चाऱ्यालाही हाच नियम लावावा, कारण तोही पानांचाच असतो. पाणी ठिबकने द्यावे, तुषार सिंचनाने नव्हे, म्हणजे पानांवर थेट थर बसत नाही. सेंद्रिय कर्ब भरपूर असलेली भारी जमीन पुष्कळ औषधे धरून ठेवते. हलक्या वाळूच्या जमिनीत, विशेषतः ती विम्लधर्मी असेल तर, डायक्लोफिनॅक आणि सल्फामेथोक्साझोल पाण्याबरोबर खाली उतरतात. अशा जमिनीत गरजेपेक्षा जास्त पाणी देणे म्हणजे भूजलात औषध सोडणे होय, आणि शेजारच्या विहिरीचा नमुना वर्षातून निदान दोनदा तपासावा.

रोजची देखरेख

औषधांची सविस्तर तपासणी महाग असते आणि तिचा निकाल यायला आठवडे लागतात, त्यामुळे रोजचा निर्णय तिच्यावर सोपवता येत नाही. रोजच्यासाठी अतिनील शोषण वापरावे: प्रक्रियेच्या आधी आणि नंतर मोजून घटीची टक्केवारी काढावी. सुरुवातीच्या काही महिन्यांत दर महिन्याला औषधांची तपासणी करून कोणत्या घटीला सूचक औषधे ८० टक्के निघतात हे आपल्या केंद्रापुरते निश्चित करावे; दुसऱ्या केंद्राचा आकडा उसना घेऊ नये. पुढे ही तपासणी तिमाहीवर आणली तरी चालते, पण पावसाळ्यात आणि साथीच्या काळात, जेव्हा पाण्याचा किंवा औषधांचा भार बदलतो, तेव्हा एक जादा नमुना घ्यावा.

घट ठरलेल्या पातळीखाली गेली की पाणी शेताच्या वाहिनीऐवजी परत केंद्राच्या सुरुवातीला किंवा वेगळ्या साठवण टाकीकडे वळले पाहिजे, आणि ही झडप स्वयंचलित असावी, कारण असा बिघाड रात्री झाला तर सकाळपर्यंत पाण्याची एक पाळी पूर्ण झालेली असते. ही टाकी किमान एका दिवसाचे पाणी मावेल एवढी मोठी ठेवावी. पाणी वळवल्याची वेळ, कारण आणि प्रमाण नोंदवहीत लिहून पाणीवापर संस्थेला त्याच दिवशी कळवावे, म्हणजे पुढची पाळी दुसऱ्या स्रोतातून देण्याची सोय तिला करता येईल.